चॅसीला काय लावायचं?

जुन्या गाडीबद्दल लोक बोलतात ते वरच्या रंगाबद्दल. मूळ शेड कुठली होती, क्रोम कुठे करून घेतलं, सीटांचं रेक्झिन तसंच मिळालं का. चॅसीला काय लावलं हे क्वचितच कुणी विचारतं, कारण ती दिसत नाही. पण गाडीचं आयुष्य तिथेच ठरतं. इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स दुसरा बसवता येतो, पत्रा नवा ठोकता येतो. चॅसी कुजली की तिच्यावर चढवलेलं सगळं वाया जातं. गाडीची कायदेशीर ओळखही चॅसीवर कोरलेल्या नंबरातच असते. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी मालिका आणली, तीसुद्धा चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांसाठीच. इंग्लंडात लँड रोव्हरवाले कुजलेली चॅसी काढून जस्ताचा मुलामा दिलेली नवीकोरी चॅसी बसवतात. आपल्याकडे तसं करायला गेलं की नंबराचा प्रश्न उभा राहतो. आहे तीच चॅसी वाचवायची, हाच आपला मार्ग. म्हणून तिला काय लावायचं हा निर्णय मी साऱ्या कामातला सर्वांत मोठा निर्णय मानतो. तो कसा घ्यायचा याचा माझा विचार पक्का झाला, तो देवगडकडच्या एका जीपमुळे.

माझं गॅरेज कोल्हापुरात. फौंड्रीचं शहर असल्यामुळे ब्लास्टिंग, पावडर कोटिंग, मशीनिंग सगळं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात मिळतं, आणि कोकणातल्या जुन्या गाड्या घाट चढून आमच्याकडे येतात. ही जीप महिंद्रची सीजे-३बी, १९६० च्या दशकातली. विलीज कंपनीने १९५३ साली अमेरिकेत हे मॉडेल काढलं. त्यातल्या नव्या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये होते, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटही उंच झालं. ते उंच बॉनेट आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं आहे. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे त्याची वंशावळ पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम ८० इंचांचं अंतर, त्यामुळे बागेतल्या वळणाच्या चढावर ती कुठेही फिरते.

मालक हापूसचे बागायतदार, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना काका म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “माका ती शोकेसात ठेवची नाय. आंबे भरून चालवची आसा.” व्हीए नंबराची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ती वाट त्यांनी सोडून दिली. जुनंच रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालवायचं ठरलं. त्यांच्या त्या एका वाक्याने माझ्यापुढचा प्रश्नही बदलला. गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी राहणार, जांभ्या चिखलातून जाणार, खाली दगड लागणार, आणि पावसाळ्यात चार महिने शेडमध्ये ओलसर हवेत बसणार. अशा चॅसीला काय लावायचं?

बॉडी उचलून बाजूला ठेवली तेव्हा चॅसी वरून चांगली दिसत होती. काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिला बिटुमेनचा जाड काळा थर मारून दिला होता. ठोकून पाहिलं तर आवाज बद्द येत होता. मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ मी स्क्रेपरचं टोक त्या थराखाली घातलं, तर तळहाताएवढा तुकडा सबंध सुटून आला. त्याच्या आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे चिकटलेले होते, आणि ते ओले होते. गाडी तेव्हा कित्येक दिवस छपराखाली कोरडी उभी होती, तरीही. चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात जांभ्याची माती दगडासारखी घट्ट बसलेली. ती पाण्यात कालवून पाहिली तर पाणी खारट लागलं.

हे ओलं का राहतं, ते समजलं तर पुढचं सगळं समजतं. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं. देवगडात पावसाळाभर आणि एरवीही रात्री-पहाटे आर्द्रता त्याहून वर असते. म्हणजे लोखंडावर मीठ बसलेलं असेल तर गाडीवर पाण्याचा थेंब पडला नाही तरी ती रोज भिजते. त्यात खारं पाणी विजेचं चांगलं वाहक, आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया: एका जागी लोखंड विरघळतं, शेजारच्या जागी प्राणवायू खर्ची पडतो, मधून प्रवाह वाहतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून रिव्हेटने जोडलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये तो शिरला की पट्ट्या एकमेकींपासून फाकतात. या चॅसीत मागच्या क्रॉस मेंबरच्या जोडात रिव्हेटच्या मधला भाग असाच फुगलेला होता. बिटुमेनच्या थराने यातलं काहीच थांबवलं नव्हतं. ओल्या जखमेवर घट्ट पट्टी बांधावी तसं, आतलं मीठ आणि ओल त्याने कोंडून ठेवली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे झाकून ठेवली होती.

आमच्या उस्तादांचं मत सरळ होतं. “घासा, रेड ऑक्साईड मारा, वर काळा मारा. झालं की!” आयुष्यभर त्यांनी तेच केलं आहे आणि घाटावरच्या कोरड्या हवेत ते बऱ्यापैकी चालतंही. पण रेड ऑक्साईड म्हणजे लोखंडाचाच ऑक्साईड, एक निष्क्रिय रंगद्रव्य. त्यात झिंक फॉस्फेटसारखं गंजरोधक द्रव्य घातलेलं नसेल, तर तो फक्त आडोसा करतो. आधीच्या पिढीतला रेड लेड प्रायमर खरोखर गंज रोखायचा. पण ते शिसं, विषारी. जुन्या गाडीचे खालचे थर घासताना त्याची भुकटी उडू शकते, म्हणून कोरडं घासू नये हे मी पोरांना कायम बजावतो.

मग उरले तीन मार्ग: गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनायझिंग, पावडर कोटिंग, किंवा टू-पॅक, म्हणजे राळ आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून लावायची, इपॉक्सी. प्रत्येकाचे भक्त आहेत आणि प्रत्येक जण आपलंच टिकतं असं सांगतो. इंजिनाचं काम पावसाळाभर चालणारच होतं, म्हणून मी वेगळा मार्ग धरला. चॅसीच्या दुरुस्तीला आणलेल्या पत्र्याचे तुकडे कापले, ते चॅनेलसारखे वाकवले, आणि प्रत्येकावर एक छोटी पट्टी रिव्हेटने जोडली, कारण खरी परीक्षा जोडातच असते. एकाला जस्त, एकाला पावडर, एकाला इपॉक्सी, एकाला उस्तादांचा रेड ऑक्साईड आणि काळा इनॅमल. प्रत्येकावर लोखंड दिसेपर्यंत खोल फुली मारली आणि काकांच्या बागेतल्या समुद्राकडच्या कुंपणाला ते तारेने बांधून ठेवले.

पाऊस सरल्यावर ते काढून आणले. इनॅमलवर जागोजागी फोड आले होते. पावडर कोटिंगचा तुकडा लांबून सगळ्यांत सुंदर होता, काळा कुळकुळीत. फुलीच्या कडेला मी सुरीचं टोक लावलं तर पापुद्रा फितीसारखा सुटत गेला आणि त्याखाली काळपट गंजाची रेघ पसरलेली दिसली. शिवाय चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात पावडर नीट पोचलीच नव्हती. पावडर विजेच्या भारामुळे पत्र्याला चिकटते, आणि आतल्या कोपऱ्यात तो भार पावडरीला ओढून घेत नाही. चॅसी म्हणजे तर सगळे आतले कोपरेच. जस्ताच्या तुकड्यावरच्या फुलीत लाल गंजाचा ठिपकाही नव्हता, कारण जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला वाचवतं. पण त्याच तुकड्यावर रिव्हेटच्या पट्टीखालून पिवळट तपकिरी ओघळ आले होते. इपॉक्सीवर फुलीच्या रेषेत गंज होता, पण रेषेतच. तारेच्या ब्रशने तो निघाला आणि बाजूचा लेप जागचा हलला नाही.

नुसता सपाट भाग पाहिला असता तर जस्त निर्विवाद पहिलं आलं असतं, आणि तो निकाल खराच आहे. चॅसी सबंध वेल्ड केलेली, पाणी आणि हवा बाहेर पडायला भोकं ठेवलेली असेल तर तिला जस्तात बुडवण्यासारखा दुसरा उपाय नाही. १९४८ च्या पहिल्यावहिल्या चाचणीच्या लँड रोव्हरांपैकी अनेकांच्या चॅसी अशाच जस्तात बुडवलेल्या होत्या. पण आमच्या जीपची चॅसी रिव्हेटची, वर काही ठिकाणी आतून पट्टी मारून बंद केलेल्या पोकळ्या. गॅल्व्हनायझिंगच्या आधी लोखंड हायड्रोक्लोरिक आम्लात धुतात. ते आम्ल रिव्हेटच्या जोडात शिरतं, पण वितळलेलं जस्त तिथे शिरत नाही. मग आत अडकलेलं आम्ल पुढे महिनोन्महिने झिरपत राहतं. तुकड्यावरचे ओघळ त्याचेच होते. बंद पोकळीत ओल राहिली तर ४५० अंशांच्या टाकीत तिची वाफ होऊन ती फुटू शकते. आणि इतक्या वर्षांचे ताण पोटात घेऊन बसलेली जुनी चॅसी त्या उष्णतेत पिळवटली, तर ती सरळ करणं फार अवघड.

ते तुकडे टेबलावर ओळीने मांडले आणि माझ्या मनातला गोंधळ मिटला. आपण लेप निवडताना विचारतो, हा किती टिकेल? कोकणातल्या हवेत, दगड-मातीत, प्रत्येक लेप कधी ना कधी हरणारच. विचारायला हवं ते हे, की तो हरेल तेव्हा कसा हरेल. गाडीच्या मालकाला ते दिसेल का? जिथे हरला तिथेच थांबेल का? आणि दुरुस्ती बागेतल्या शेडमध्ये ब्रश घेऊन करता येईल का? बिटुमेन लपून हरलं होतं. पावडर चमकत राहून आतून हरते आणि तिची दुरुस्ती १८०–२०० अंशांच्या भट्टीशिवाय होत नाही. जस्त प्रामाणिक आहे, पण या चॅसीच्या जोडांत ते पोचत नाही, आणि पुढे कुणाला वेल्डिंग करायचं झालं तर आधी ते तासून काढावं लागतं, नाहीतर त्याचा धूर माणसाला तापाने झोपवतो. इपॉक्सी दिसेल असं हरते, जागच्या जागी हरते आणि ब्रशने दुरुस्त होते. म्हणून चॅसीला इपॉक्सी. आणि बोल्टने लागणारे सुटे भाग, म्हणजे पुढचा बंपर आणि वेगवेगळे ब्रॅकेट, ते मात्र गरम जस्तात बुडवले. जिथे जस्त शोभतं तिथे जस्त.

इपॉक्सीचा हार्डनर निवडताना एक गोष्ट काकांना सांगायला मला फार आनंद झाला. दमट हवेत नीट वाळणारे जे हार्डनर आहेत, त्यातला फिनालकमाइन नावाचा प्रकार काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनतो. जहाजांच्या आणि बंदरांच्या कामात तो वापरतात. कारण थोडी ओल, थोडा गारवा असला तरी तो पकड सोडत नाही आणि खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. किनाऱ्यावरचे लोक काजूच्या टरफलांचं तेल होड्यांच्या लाकडाला पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. काका डबा हातात घेऊन वास घेत म्हणाले, “म्हणजे आमचोच काजू.” त्यानंतर त्यांनी लेपाबद्दल एकही शंका काढली नाही.

पण डब्यातलं रसायन कितीही चांगलं असलं, तरी काम ठरतं ते खालच्या लोखंडावर. आधी चॅसी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पुन्हा पुन्हा धुतली. मीठ ब्लास्टिंगने पूर्ण जात नाही, ते खड्ड्यांत ठासून बसतं. ते पाण्यानेच जातं. फुगलेल्या जोडांचे रिव्हेट काढले, आतला गंज साफ केला, पट्ट्यांना प्रायमर देऊन पुन्हा जोडल्या. ब्लास्टिंग स्टील ग्रिटने करून घेतलं. वाळूने करायचं नाही, हा माझ्या गॅरेजचा पक्का नियम आहे. वाळूच्या धुळीने फुप्फुसांत सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. इंग्लंडात ब्लास्टिंगसाठी वाळू वापरायला १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. आपल्याकडे आजही तोंडाला रुमाल बांधून पोरं वाळूचं ब्लास्टिंग करताना दिसतात. जुनी गाडी वाचवण्यासाठी कुणाचं फुप्फुस जात असेल, तर ती गाडी मला नको.

चॅसी नंबरावर ब्लास्टिंगच्या आधी जाड रबर चिकटवून वर पत्र्याची पट्टी बांधली. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला इन्स्पेक्टर त्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतात. ग्रिटने अक्षरांच्या कडा झिजल्या किंवा जाड लेपाने खाचा भरल्या, तर मालकाच्या मागे शुक्लकाष्ठ लागतं. ती जागा मी स्वतः पितळी ब्रशने हळूहळू साफ केली आणि तिला एकच पातळ थर दिला, आकडे बोटाला लागतील असा.

ब्लास्टिंग झालेलं लोखंड चंदेरी-राखाडी दिसतं आणि हात लावायचा मोह होतो. लावायचा नाही, घामाचा ठसादेखील गंजाची सुरुवात असते. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत सकाळी ब्लास्टिंग आणि त्याच दुपारी प्रायमर, असं आम्ही केलं. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असायला हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव लेपाखाली अडकतं. स्प्रे गन हातात घेण्याआधी उस्तादांनी ब्रशने सगळ्या कडा, रिव्हेटची डोकी आणि वेल्डिंगच्या रेषा रंगवून घेतल्या. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथेच सर्वांत पातळ राहतो, म्हणून तिथे एक हात जादा. धारा आधीच कानसीने गोल केल्या होत्या. पाट्यांचे हँगर, इंजिन माउंटिंग, बॉडी बसते त्या जागा, असं जिथे बोल्टने घट्ट आवळायचं असतं तिथे फक्त प्रायमर. जाड लेप आवळल्यावर दबतो आणि बोल्ट सैल होतो. अर्थिंगची जागा कोरी ठेवून जोडणी झाल्यावर ग्रीसने झाकली.

रंगांचा क्रम आम्ही मुद्दाम ठरवला: पहिला थर तांबडा, दुसरा फिकट राखाडी, शेवटचा पॉलियुरेथेनचा. उन्हात नुसती इपॉक्सी भुरकट पडते, म्हणून वर पॉलियुरेथेन. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, म्हणून बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावल्याशिवाय तो फवारायचा नाही. तिन्ही थर मिळून साधारण २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर. दगडाने एक थर उडाला की खालचा वेगळा रंग दिसतो आणि किती खोल गेलंय ते सांगतो. बाहेरच्या बाजूचा शेवटचा थर काळा, जुन्या जीपला शोभेल असा. आतल्या बाजू आणि तळ मात्र फिकट राखाडी. जीपच्या एका जाणकाराला ते खटकलं. मूळ गाडीला असं नव्हतं, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण काळ्यावर गंजाचा ओघळ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि राखाडीवर तो पहिल्याच पावसात दिसतो. जी गाडी रोज चालणार आहे, तिच्या मालकाला तळ वाचता यायला हवा.

बंद पोकळ्यांत रंग पोचत नाही. तिथे लांब नळीने मेण फवारलं आणि खालची पाणी निघायची भोकं मोकळी केली. जुन्या बिटुमेनने ती सगळी बुजवली होती. पाणी निघायला वाट नसेल तर कुठलाही लेप पुरा पडत नाही, हे मी आता प्रत्येक मालकाला सांगतो.

गाडी देताना काकांना एक छोटा खोका दिला: इपॉक्सीच्या दोन्ही भागांचे लहान डबे, मोजायचे पेले, ब्रश आणि तारेचा ब्रश. मेअखेर आंबा संपला की तळ गोड्या पाण्याने धुवायचा, माती चॅनेलमधून बोटाने काढायची, वाळला की टॉर्च घेऊन पाहायचं, जिथे तांबडा किंवा लोखंड दिसेल तिथे घासून ब्रशने लावायचं. पहिल्या वर्षी मी स्वतः गेलो होतो. पुढच्या चाकाच्या मागे दगडाने टवके उडाले होते, शॅकलजवळ एक कड उघडी पडली होती. बाकी चॅसी जशीच्या तशी. आता हे काम त्यांचा नातू करतो. तो मला फोटो पाठवतो, कुठला रंग दिसतोय ते लिहितो आणि लावू का म्हणून विचारतो. चॅसीला काय लावलं यापेक्षा, त्या घरात कुणीतरी दरवर्षी जमिनीवर झोपून खाली पाहतं, याचा तिच्या टिकण्यात जास्त वाटा आहे असं मला वाटतं.

म्हणून कुणी जुनी गाडी घेऊन आलं आणि ‘सर्वांत चांगलं काय?’ असं विचारलं, की मी डब्यांची नावं लगेच सांगत नाही. आधी विचारतो, गाडी उभी कुठे राहणार, कुठल्या मातीतून जाणार, चॅसी रिव्हेटची की वेल्डची, आणि वर्षातून एकदा खाली शिरून पाहणारं घरात कोण आहे. ही उत्तरं मिळाली की लेप आपोआप ठरतो. पुण्यात बंद गॅरेजमध्ये झाकून ठेवायच्या गाडीला त्यातला साधा लेपही पुरेल. किनाऱ्यावर राबणाऱ्या गाडीला मात्र असाच लेप द्यावा, जो हरला तर लपणार नाही आणि ज्याची दुरुस्ती मालकाच्या हातात राहील.